बांधाचं भांडण आणि 33 फुटांची साखळी

मोहोळकडच्या आमच्या रानात मागच्या उन्हाळ्यात मोजणी झाली. चुलत्यांची आणि शेजाऱ्याची सरबांधावरनं तीन वर्षं धुसफूस चाललेली, शेवटी फी भरून मोजणी आणली, तर मोजणीदार वादाच्या बांधाकडं बघायलाच तयार नाही, रोव्हर (उपग्रहावरनं जागा दाखवणारं मोजणीचं यंत्र) खांद्यावर टाकून पार ओढ्याकडं चालायला लागला. शेजारी मागनं ओरडतोय, अहो साहेब, भांडण हिकडं आहे!

तो जुने हद्दीचे दगड शोधत होता. मोजणीचं पहिलं तत्त्वच हे, मोठ्याकडनं लहानाकडं यायचं. आधी लांबच्या पक्क्या खुणा धरायच्या आणि मग मधला बांध बसवायचा, नाहीतर एका कोपऱ्यातली चूक पुढं पुढं वाढत जाते. आणि कुठलाही बिंदू कमीत कमी दोन मापांनी पक्का करायचा. लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासकडनं देशाची त्रिकोणी मोजणी सुरू केली ती याच हिशोबाने.

पण आपल्या रानाची मोजणी आली ती शेतसाऱ्यापायी. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत काठी होती, पाच हात पाच मुठींची, 20 काठ्या लांब आणि 20 रुंद म्हणजे एक बिघा, 120 बिघ्यांचा चावर. (हात कुणाचा धरायचा यावर पण वाद झालेच असतील.) मग इंग्रज आले. 1827-28 च्या सुमाराला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुण्याकडनं मोजणी काढली, पण सारा इतका जड झाला की लोकांनी रानं टाकली. म्हणून 1835-36 ला भीमेपलीकडं इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्याने काम धरलं, मातीचा रंग आणि खोली बघून रानाची प्रत आण्यांत लावली आणि सारा 30 वर्षांसाठी ठरवून टाकला. 1847 ला याचे नियम एकत्र झाले, आणि हीच पद्धत आपल्या सोलापूरकडं पण आली.

या मोजणीची साखळी 33 फुटांची. आपण दिवसभर जो गुंठा गुंठा करतो तो हिच्यातनंच, 33 बाय 33 म्हणजे 1089 चौरस फूट, असे 40 झाले की एकर. साखळीसोबत शंकू, म्हणजे काटकोन बघायचं साधं अवजार. रानातनं एक लांब रेघ धरायची, प्रत्येक कोपऱ्यातनं तिच्यावर काटकोनात माप टाकायचं, की वेड्यावाकड्या तुकड्याचे पण त्रिकोण आणि समलंब चौकोन पडतात आणि क्षेत्र निघतं. ती मापं ज्या कागदावर लिहिली ते टिपण. आता साखळी ओढून ओढून कड्या सैल होतात, आणि साखळी लांबली की रान कमी भरतं. नुसती इंचभर लांबली तरी एकरामागं जवळपास 3 आणे गुंठा गायब!

साऱ्याच्या हिशोबाला तेवढी चूक चालून जायची. कुणाचा बांध कुठं यासाठी ते टिपण केलेलंच नव्हतं, आणि आज आपण त्याच्यावरच वीतभर जागेची भांडणं सोडवायला बसतो, हे मला तरी सगळ्यात अवघड वाटतं. त्यात 1947 चा तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा आला, सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, भावकीच्या वाटण्या मात्र कित्येक ठिकाणी नुसत्या सातबाऱ्यावर, रानात नजरेनेच. वर हेक्टर-आर आले, आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा म्हणजेच आर असं सगळे धरून चालतात, पण 40 गुंठ्यांचे 40.47 आर होतात, हे खरेदीच्या वेळी तरी बघत जा.

आमच्या इथं एक दगड बाभळीच्या बुडाला मातीत गाडलेला सापडला, दुसरा ओढ्याच्या काठाला. दोन्हीवरनं बांध बसवला तर दीड हाताचा फरक निघाला, आणि बांध आमच्याच चुलत्यांनी कोरलेला. शेजाऱ्याने सगळ्यांना चहा पाजला, चुलते काय प्याले नाहीत.