लिंकन यांचं न पाठवलेलं पत्र

शिक्षकदिन जवळ आला की अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून एक पत्र फिरू लागतं. कित्येक शाळांच्या भिंतींवर ते फ्रेम करून लावलेलं असतं. मजकूर सुंदर आहे, पण तो लिंकन यांचा असल्याचा कसलाही पुरावा नाही. मूळ हस्तलिखित नाही, आणि १९५३ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समग्र लेखनातही ते नाही.

त्यांनी खरोखर लिहिलेलं, पण कधीच न पाठवलेलं एक पत्र मात्र वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेलं आहे. मुलांना वाचून दाखवायचं तर हे दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

३ जुलै १८६३ ला अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई संपली. लिंकन यांच्या बाजूचे सेनापती जनरल मीड जिंकले, पण पाठलाग रेंगाळला आणि दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांचे सेनापती जनरल ली यांचं हरलेलं सैन्य १४ जुलैला पोटोमॅक नदीपार निसटलं. लिंकन नाराज असल्याची तार मिळताच दुखावलेल्या मीड यांनी पदमुक्ती मागितली. त्याच दिवशी लिंकन लिहायला बसले. आधी गेटिसबर्गच्या विजयाबद्दल आभार, तुम्हाला दुखावल्याचा खेद. मग रोखठोक: ली तुमच्या हाताशी होते, त्यांना गाठलं असतं तर युद्ध संपलं असतं, ती सुवर्णसंधी गेली, याचं मला अपार दुःख आहे.

पाकिटावर त्यांनी स्वतःच नोंदवलं: जनरल मीड यांना, कधी पाठवलं नाही, सहीही केली नाही. मीड युद्ध संपेपर्यंत त्याच सैन्याचे प्रमुख राहिले.