अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि जस्ताच्या पार्टसाठी ब्लास्टिंग मीडिया कसा निवडावा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

“सॅण्ड ब्लास्ट करून द्या” एवढंच सांगून पार्ट पाठवू नका. घाण काय आहे ते आम्हाला डोळ्यांनी दिसतं, पण तो पार्ट पुढे कुठे बसणार हे तुम्हालाच माहीत असतं. मऊ धातूचा मीडिया, म्हणजे हवेच्या दाबाने पार्टवर मारायचे कण, ठरतो तो त्यावरूनच.

हे आम्ही वापरत नाही

वाळू नाही. तिच्या बारीक सिलिका धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. स्टील शॉट आणि ग्रिट (पोलादाचे गोल आणि टोकदार दाणे) हेही नाही. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात. जॉब नेताना स्वच्छ दिसतो, पण पावसाळी हवेत त्यावर तांबूस ठिपके उठतात आणि ठिपक्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मऊ धातूचं कॅबिनेट (ब्लास्टिंगची बंद पेटी) वेगळं ठेवायचं तेही याचसाठी. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची धूळ आणि गंजाची धूळ एकत्र आली तर ठिणगीने पेट घेऊ शकते.

ग्लास बीड

क्रँककेस कव्हर, ब्रॅकेट, पितळी फिटिंग अशा बाहेरून दिसणाऱ्या पार्टसाठी हाच पहिला पर्याय. मणी गोल असल्याने धातू कापत नाहीत, हलकेच ठोकतात आणि मऊ सॅटिन फिनिश देतात. साधारण १०० ते २०० मायक्रॉनचे मणी, हवेचं प्रेशर ४० ते ५० पीएसआय, नोझल पार्टपासून १५० ते २०० मिमी दूर आणि तिरपं. प्रेशर वाढवलं की मणी फुटतात. फुटलेली काच टोकदार, ती ओरखडे पाडते. म्हणून भिंगाखाली पाहून मीडिया बदलावा लागतो.

धोका आहे तो आत उरलेल्या काचेचा. ऑइल गॅलरीत (तेल वाहण्याच्या आतल्या मार्गात) किंवा बंद भोकात तेलाचा थोडा जरी थर राहिला असेल, तरी मणी त्याला चिकटून बसतात. हवा मारून निघत नाहीत, पाण्यानेही सगळे निघत नाहीत. इंजिन चालू होऊन तेल गरम झालं की सुटतात आणि थेट बेअरिंगमध्ये जातात. त्यामुळे गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रशने धुता येत नसेल, तर त्या पार्टला ग्लास बीड आम्ही लावत नाही. पिस्टनच्या रिंग ग्रूव्हलाही (रिंग बसते त्या खाचेलाही) नाही, कारण कडा गोल होऊन रिंग नीट बसत नाही.

सोडा

हा खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट). कार्ब्युरेटर बॉडी आणि सिलिंडर हेडसाठी हा सुरक्षित. कण आदळताच फुटतो, उरलेला कोमट पाण्यात विरघळतो. म्हणूनच तो एकदाच वापरता येतो आणि खर्च जास्त येतो. काजळी आणि जुना चिकट थर छान निघतो, पण मिठासारखा जमलेला पांढरा ऑक्साइड फारसा हलत नाही. जॉब त्याच दिवशी धुवावाच लागतो: ओला सोडा अ‍ॅल्युमिनियमवर डाग पाडतो, आणि रंगाखाली राहिला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. धुतल्यावर कार्ब्युरेटरचा प्रत्येक मार्ग हवेने साफ करा.

अक्रोडाच्या कवचाचा भुगा

पिस्टनचा माथा आणि व्हॉल्व्हवरची काजळी काढायला उत्तम. धातूला धक्का लागत नाही. पावसाळ्यात ओल धरतो, त्यामुळे बंद डब्यात ठेवावा लागतो. पृष्ठभागावर किंचित तेलकटपणा राहतो. रंग द्यायचा असेल तर थिनरने पुसून घ्या.

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड फार कठीण असतो. पावडर कोटिंगला पकड हवी असेल तेव्हाच बारीक दाणा, कमी प्रेशरवर. मशीन केलेल्या फेसवर कधीच नाही.

पातळ पत्र्याबद्दल एक सूचना. दीड मिमीपेक्षा पातळ प्लेटला एकाच बाजूने ग्लास बीड मारले तर ती बाजू पसरते आणि प्लेट वाकते. अशा जॉबला सोडा किंवा प्लास्टिक मीडिया वापरावा लागतो.

पार्ट आणण्याआधी

जेट, फ्लोट, नीडल, ऑइल सील, ओ-रिंग, बेअरिंग काढून आणा. तेल-ग्रीस डिझेलने किंवा डीग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवा. तेलकट जॉबवर मीडियाचे गोळे होतात. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, धातू काळा पडून विरघळतो. आटे आणि बेअरिंग सीट आम्ही रबर प्लगने झाकतो, पण गॅस्केट फेस कोणते ते मार्करने दाखवा. मॅग्नेशियमचा पार्ट असल्याची शंका असेल तर आधी सांगा. त्याची धूळ पेट घेते, म्हणून तो आम्ही स्वीकारत नाही.