नायट्रोजन-रिक्ती केंद्र

हिऱ्याच्या स्फटिकजालकात कार्बनच्या एका अणूची जागा नायट्रोजनाने घेतलेली आणि तिला लागूनची जागा रिकामी असलेला जोडदोष. विद्युत् ऋणभारित असताना या केंद्राचे इलेक्ट्रॉनी परिवलन, म्हणजेच स्पिन, क्युबिट (पुंज माहितीचा मूलभूत घटक) म्हणून वापरता येते. पुंज (क्वांटम) संदेशवहनात ‘एनव्ही केंद्र’ (नायट्रोजन-व्हेकन्सी) हेच नाव रूढ आहे. हिऱ्याला अर्धसंवाहक म्हणावे की निरोधक, याबद्दल दोन मते आढळतात. त्याचे पट्टांतर, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहता होण्यास लागणारी ऊर्जा, सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असले, तरी बोरॉनमिश्रित हिरा वीज वाहतो. म्हणून पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते.

केंद्राची ओळख पटण्यास बराच काळ लागला. ६३७ नॅनोमीटरच्या वर्णपटरेषेचा नायट्रोजनाशी संबंध जोडण्याचे श्रेय सामान्यतः ड्यु प्रीझ यांच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील १९६५ च्या प्रबंधाला दिले जाते. डेव्हिस व हेमर यांनी १९७६ मध्ये स्फटिकावर एकदिश ताण देऊन केंद्राची त्रिकोणी सममिती दाखविली. पुढच्याच वर्षी लाउब्झर व व्हान वाइक यांना प्रकाशात त्रिक (परिवलनाच्या तीन पातळ्या असलेल्या) अवस्थेचा चुंबकीय अनुस्पंदन-संकेत मिळाला. मात्र ती अवस्था उत्तेजित असून मूळ अवस्था एकक (एकच पातळी असलेली) असावी, असा त्यांचा अर्थ होता. १९८७ नंतरच्या प्रयोगांनी हे मत मागे पडले. विशेषतः १९९१ च्या सुमारास अंधारातही तोच संकेत मिळाल्याने मूळ अवस्था त्रिक असल्याचे बहुतेकांनी मान्य केले. एकेकटे केंद्र प्रथम १९९७ मध्ये तपासले गेले.

चुंबकीय क्षेत्र नसतानाही मूळ त्रिकाच्या पातळ्यांत २.८७ गिगाहर्ट्‌झचे अंतर असते. हिरव्या लेसरने परिवलन शून्य-पातळीत आणता येते. त्या पातळीतील केंद्र अधिक उजळ दिसते, त्यावरून वाचन होते. हे कोठीतापमानालाही जमते. संदेशवहनासाठी मात्र स्फटिक सुमारे ४ केल्व्हिनपर्यंत थंड करतात.

दोन केंद्रांतून निघालेले फोटॉन मधल्या प्रकाशविभाजकावर एकत्र आणून योग्य जोडीने टिपले, की दूरच्या दोन परिवलनांत एन्टँगलमेंट, म्हणजे अंतराने न तुटणारा पुंज सहसंबंध, साधते. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने २०१३ मध्ये ३ मीटर, तर २०१५ मध्ये १.३ किलोमीटर अंतरावर ते साधले. दुसऱ्या प्रयोगात सुमारे २२० तासांच्या मोजणीत उपयुक्त घटना मिळाल्या अवघ्या २४५. असा सहसंबंध खरा आहे का हे तपासणाऱ्या बेल-असमतेची अभिजात मर्यादा २ असताना मूल्य २.४२ ± ०.२० आले. घटना इतक्या विरळ असण्याचे एक मोठे कारण केंद्रातच आहे. त्याचा जेमतेम ३ टक्के प्रकाश ६३७ नॅनोमीटरच्या नेमक्या रेषेत येतो, उरलेला जालकाच्या कंपनांत पसरतो. शिवाय लाल प्रकाश प्रकाशीय तंतूत लवकर क्षीण होतो. त्यामुळे डेल्फ्ट-हेग दरम्यानच्या २५ किलोमीटर तंतूवरील प्रयोगात (२०२४) फोटॉनची तरंगलांबी आधी बदलून घ्यावी लागली.

याउलट, हिऱ्यातीलच सिलिकॉन-रिक्ती केंद्राचा बहुतांश प्रकाश ७३७ नॅनोमीटरच्या रेषेत येतो. पण त्याला साधारण ०.१ केल्व्हिनपर्यंत थंड करावे लागते.