सोबत आणि मनाचं आरोग्य (नाशिक)

ज्यांच्याशी आपलं रोजचं बोलणं, येणंजाणं, अडीनडीला देणंघेणं असतं ती माणसं म्हणजे सोबत, आणि ती असण्या-नसण्याचा परिणाम मनावर तर होतोच पण शरीरावरही होतो. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात ३ लाखांहून जास्त लोक होते, आणि ज्यांचे नातेसंबंध घट्ट त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली.

एकटं राहणं आणि एकटेपणा वाटणं हे वेगळं. गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी मजेत असू शकतात आणि सिडकोत सहा जणांच्या घरातला पोरगा आतून पार एकटा पडलेला असू शकतो, कारण प्रश्न किती माणसं आहेत हा नाहीच, हवी तेवढी जवळीक मिळतेय का हा आहे. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांचं म्हणणं असं होतं की एकटेपणा हा भुकेसारखा इशारा आहे, माणसांकडे जा म्हणून सांगणारा. पण तो लांबला की मेंदू उलटा सावध होतो, कुणी साधं बोललं तरी टोमणा वाटतो, मग माणूस फोन उचलत नाही, लग्नकार्य टाळतो, आणि एकटेपणा अजून वाढतो. म्हणून "जरा चार लोकांत मिसळत जा" एवढं सांगून भागत नाही. कुणीतरी घरी जाऊन त्याला बाहेर काढावं लागतं, आणि माझ्या मते सोबतीचं खरं काम हेच आहे.

नाशिकला याच्या जागा भरपूर आहेत. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे आपलं सावाना, मे महिन्यात गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला, रविवारची मिसळ, भजनी मंडळं, भिशी. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्कला सकाळी रिटायर मंडळी राउंड झाले की बाकावर बसतात, बीपीच्या गोळ्या, सुनेची नोकरी, नातवाचा व्हिसा असलेच विषय, वरवर टाइमपास वाटतो. पण एखादे काका दोन दिवस दिसले नाहीत की फोन जातो, "काय हो, तब्येत बरी आहे ना? उद्या येताना तुम्हाला घेऊनच जातो." बायको गेल्यावर ज्या घरात दिवसभर आवाज नसतो तिथे हा फोन फार मोठा असतो.

सातपूर-अंबड एमआयडीसीत कामाला आलेल्या खान्देशी लोकांनी तर सोबत गावाहून बरोबरच आणली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशातली देवी बसते, त्यासाठी सगळे भाऊबंद एकत्र जमतात, प्रसादाचे रोट सगळ्यांनी मिळून खायचे असतात, त्यामुळे वर्षभर अबोला धरलेले भाऊसुद्धा एका पंगतीत येतात.

नुसतं जमणं मात्र पुरत नाही, ऐकता यावं लागतं. "उगाच विचार करतोस, सोड" म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, "झोप लागते का रे? जेवतोस का नीट?" असं विचारून गप्प बसलं तर तो हळूहळू बोलतो. हे शिकवता येतं. झिम्बाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये आज्यांना ट्रेनिंग देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं, आणि २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत त्यांच्याशी बोललेल्या लोकांची नैराश्याची लक्षणं नेहमीची मदत मिळालेल्यांपेक्षा कमी दिसली.

सोबतीची दुसरी बाजूही आहे. जिथे सगळे ओळखतात तिथे गोष्ट फुटायची भीती असते, "लोक काय म्हणतील" म्हणून किती जण डॉक्टरकडे जातच नाहीत, आणि बाकावर बसायला वेळ पुरुषांना मिळतो तसा घरच्या बाईला मिळत नाही. शिवाय झोप उडालीय, कामात लक्ष नाही, कशातच रस नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, किंवा मरणाचे विचार यायला लागले, तर गप्पांवर न थांबता तज्ज्ञ गाठायचाच. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट, २४ तास, मराठीतूनही बोलता येतं. उपचार सुरू झाले तरी सोबत सोडायची नाही, पहिल्या व्हिजिटला कुणी बरोबर जाऊन बाहेर बसलं तरी पेशंटला पुढच्या तारखेला जायचा धीर येतो.