इलेक्ट्रॉनिक उपकरण चाचणीचे लघुव्हिडिओ

चार्जर, पॉवर बँक, पॉवर सप्लाय, ॲम्प्लिफायर अशा उपकरणांची मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा मीटर), ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र) वगैरे साधनांनी केलेली तपासणी चित्रित करून, तिचे संकलन करून काही मिनिटांत दाखवणारा ऑनलाइन व्हिडिओप्रकार. कधी तपासणीचे साधनच विषय असते, उदाहरणार्थ ऑसिलोस्कोपचा प्रोब (सर्किटला टेकवायची मोजणीची सुई) एक किलोहर्ट्‌झच्या चौकोनी लहरीवर जुळवून घेणे. विद्यार्थी, दुरुस्ती कारागीर आणि हॅम रेडिओवाले (हौशी रेडिओ चालवणारे) हा त्याचा मुख्य प्रेक्षक. व्हिडिओ किती छोटा झाला यापेक्षा त्यातले मोजमाप बघणाऱ्याला पडताळता येते का, यावर त्याचा कस ठरतो.

युट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे दहा मिनिटांची मर्यादा आली; २०१० मध्ये ती पंधरा मिनिटे झाली व नंतर पडताळणी झालेल्या खात्यांसाठी उठली. डेव्ह जोन्स यांचा ऑस्ट्रेलियातील ‘ईईव्हीब्लॉग’ २००९ मध्ये, म्हणजे या मर्यादेच्या काळातच सुरू झाला. पुढे तो लांब, संहितेशिवाय बोलल्या जाणाऱ्या भागांसाठी ओळखला गेला. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये उभ्या, छोट्या व्हिडिओंसाठीच्या युट्यूब शॉर्ट्‌सची चाचणी येथेच सुरू झाली. शॉर्ट्‌सची साठ सेकंदांची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर गेली. उभ्या चौकटीत हातातला मल्टिमीटर छान बसतो, पण ऑसिलोस्कोपचा आडवा पडदा इतका लहान होतो की खालचे आकडे वाचता येत नाहीत. त्यामुळे लहरी दाखवायच्या असतील तर आडवा व्हिडिओच योग्य.

संकलनातला खरा प्रश्न म्हणजे कुठला वेळ कापायचा. स्क्रू काढणे, वायरी शोधणे, उपकरण गरम होण्याची वाट पाहणे हे सगळे बिनदिक्कत कापावे. प्रोब टेकल्यापासून आकडा स्थिर होईपर्यंतचा भाग मात्र सलग हवा. डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-चार वेळाच आकडा बदलतो, ऑटोरेंज (मोजण्याची पट्टी मीटरने आपोआप निवडणे) असेल तर आणखी उशीर लागतो. म्हणून टोक टेकल्यावर दोन-तीन सेकंद दृश्य चालू ठेवावे लागते. मधेच कट आला तर तो आकडा त्याच बिंदूचा होता हे बघणाऱ्याने कशावरून मानायचे?

रिपल (डीसी पुरवठ्यावर उरलेली बारीक चढउताराची लहर) मोजण्याच्या व्हिडिओत हे चांगले दिसते. प्रोबची नेहमीची मगरक्लिपवाली ग्राउंड वायर लांब असते. तिचा वेढा आजूबाजूचा स्विचिंग नॉइज (वेगवान चालू-बंदमुळे होणारा विद्युत गोंगाट) पकडतो आणि रिपल आहे त्याहून मोठा दिसतो. क्लिप काढून टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली आणि बँडविड्थ (ऑसिलोस्कोप दाखवतो ती वारंवारतेची कक्षा) वीस मेगाहर्ट्‌झपर्यंत मर्यादित केली, की तीच लहर बरीच आकसते. दोन्ही दृश्ये एकाच व्होल्ट-प्रति-भागावर (पडद्यावरचा एक चौकोन किती व्होल्टचा, त्या मापावर) पाठोपाठ ठेवली तर अर्ध्या मिनिटात धडा पुरा होतो. झूम करताना पडद्यावरचा हा भागाचा आकडा चौकटीबाहेर गेला, तर उरते ते फक्त चित्र. प्रोब १०एक्सवर (संकेत दहापट कमी करणाऱ्या जागी) असेल तर चॅनेलही १०एक्सवर आहे हे दाखवणारे एखाद्या सेकंदाचे दृश्य ठेवावे, नाहीतर आकडा दहापटीने चुकलेला असू शकतो.

वेळखाऊ चाचणीचे उदाहरण पॉवर बँकचे. १०,००० मिलिॲम्पिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॉट-तास. पाच व्होल्टला हिशोब केला तर ७,४०० होतात आणि रूपांतरातली गळती धरली तर हाती साधारण ६,३०० येतात. दोन ॲम्पिअरच्या लोडवर ही चाचणी तीन तासांहून अधिक चालते. ती वीस सेकंदांच्या टाइमलॅप्समध्ये बसते, मात्र मीटरसोबत घड्याळही चौकटीत हवे आणि सुरुवातीचा व शेवटचा आकडा मूळ वेगात दाखवायला हवा. हा हिशोब न सांगता ‘कंपनीने फसवले’ असे मथळे देणारे व्हिडिओ प्रेक्षकाचे नुकसान करतात.

कॅमेऱ्याच्या अडचणी ठरलेल्या आहेत. भारतातला वीजपुरवठा पन्नास हर्ट्‌झचा असल्याने दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की लखलख थांबते. सेव्हन-सेगमेंट (सात रेघांनी अंक दाखवणाऱ्या) डिस्प्लेचे अंक पाळीपाळीने पेटतात, त्यामुळे वेगवान शटरवर अर्धेच दिसतात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक केले नाही तर हात चौकटीत आला की कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि नेमका आकडा धूसर होतो.

आवाजाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. कंटिन्युइटीची (जोडणी अखंड असल्याची) ‘पीं’, रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) ‘टक्’, ट्रान्सफॉर्मरची घरघर या आवाजांतून निदान होते; त्यांवर संगीत चढवणे म्हणजे पुरावा झाकणे.

सुरक्षिततेची पायरी कंटाळवाणी म्हणून कापली जाते, आणि ती कधीच कापू नये. २३० व्होल्टच्या एसएमपीएसमध्ये (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायमध्ये) मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. तो उतरवून मीटरवर शून्य दाखवणे पाच-दहा सेकंदांचे काम आहे. नेहमीच्या ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते. ती प्रायमरी (मेन्सला जोडलेल्या) बाजूला लावली की शॉर्ट होतो. त्यासाठी तपासायच्या उपकरणाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून विलग करणारा) किंवा प्रोब म्हणून डिफरेन्शिअल प्रोब (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) वापरतात. दुरुस्तीच्या दुकानांतला सिरीज बोर्ड (उपकरणाच्या वाटेत एक बल्ब जोडणारा बोर्ड) तर व्हिडिओसाठीच केल्यासारखा आहे: सर्किट शॉर्ट असेल तर तारेचा बल्ब पूर्ण पेटतो, ठीक असेल तर क्षणभर चमकून मंदावतो. एलईडी बल्ब लावून हे जमत नाही.

संकलनासाठी केडेनलाइव्ह, शॉटकट, दा विंची रिझॉल्व्ह ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. एफएफएमपेग या कमांड देऊन चालवायच्या सॉफ्टवेअरने पुन्हा एन्कोड न करता झटपट कापता येते, पण असा कट कीफ्रेमवरच (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच) नेमका बसतो. युट्यूबवर प्रकरणे (चॅप्टर) दाखवायची तर वर्णनात किमान तीन टाइमस्टॅम्प (मिनिट:सेकंद) लिहावे लागतात, पहिला ०:०० आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. अपलोड झालेली फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. फार तर एखादा भाग कापता किंवा धूसर करता येतो. त्यामुळे निवेदनातला आकडा, पडद्यावर लिहिलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा प्रकाशित करण्याआधीच ताडून पाहावे लागतात. नंतर सापडलेली चूक वर्णनात किंवा पिन केलेल्या टिप्पणीतच दुरुस्त करता येते.