जलरंगातला पांढरा: कागद आणि खळ यांची पार्श्वभूमी

पारदर्शक जलरंगात पांढरा लावत नाहीत, राखून ठेवतात. उन्हाचा कवडसा किंवा पाण्यावरची चमक दिसते तिथे बहुधा कोरा कागदच असतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावरून परततो आणि रंग उजळतो. त्यामुळे या माध्यमाचा इतिहास ब्रशापेक्षा कागदाकडून समजून घेतलेला बरा.

आपल्याकडची लघुचित्रेही पाण्यात कालवलेल्या रंगांचीच, पण त्यांची रीत निराळी. कागदाचे थर चिकटवून केलेली वसली, अकीक दगडाने घोटलेला पृष्ठभाग आणि त्यावर अपारदर्शक लेप. चुकले तर वरून दुसरा लेप देता येई. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि इंग्रजी पारदर्शक पद्धत इथे रुजायला मोठा आधार मिळाला.

इंग्लंडमध्ये ती पद्धत घडण्यात जेम्स व्हॉटमन यांच्या कारखान्याचा मोठा वाटा होता. आधीच्या कागदावर साच्याच्या तारांच्या रेघा उमटत आणि त्यांत रंग साचे. व्हॉटमन यांनी 1750 च्या दशकात विणलेल्या जाळीवर रेघा नसलेला कागद काढला. तयार ताव जिलेटिनच्या पातळ खळीत बुडवला जाई. खळीमुळे रंग तंतूंत न मुरता वर राहतो, ओला असताना हलवता येतो आणि वाळल्यावरही काही प्रमाणात उचलता येतो. इंग्रज चित्रकार टर्नर यांनी रंग पुसून, खरवडून जे उजेड काढले, त्यांना असा कणखर कागदच हवा होता.

ही खळच आपल्या हवेत सर्वांत आधी बिघडते. जिलेटिन म्हणजे प्रथिन. कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. कोरडा कागद वरून धडधाकट दिसतो, वॉश (पातळ रंगाचा हात) मारला की गडद ठिपके उमटतात, कारण तिथे कागद टिपकागदासारखा रंग पितो. आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावे. तो वर फुगून राहिला तर ठीक, लगेच मुरून डाग पडला तर खळ गेली. असा कागद वाचवायचा तर लिटरभर पाण्यात 7-8 ग्रॅम जिलेटिन भिजवून कोमट विरघळवावे आणि रुंद ब्रशाने पातळ हात द्यावा. उकळू नये, उकळल्याने जिलेटिनची पकड कमी होते. पूर्वी खळीत तुरटी घालत. तिने खळ टणक होई, पण आम्ल राहून कागद पिवळा आणि ठिसूळ पडे.

300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कागद ओला झाल्यावर वाकू नये म्हणून ताणून घ्यावा: पाच-सात मिनिटे भिजवून फळीवर पसरावा, चारी कडा डिंकपट्टीने चिकटवाव्यात, आडवा ठेवूनच वाळू द्यावा. 640 जीएसएमला सहसा याची गरज पडत नाही.

रंगाच्या वडीची कथा छोटी आहे. जुन्या वड्या कडक असत, पाण्यात घासाव्या लागत. 1780 च्या सुमारास लंडनच्या रीव्हज बंधूंनी डिंकात मध घालून त्या मऊ केल्या. विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीने 1835 मध्ये ग्लिसरीनयुक्त ओलसर रंग आणले, 1846 मध्ये ट्यूब. ग्लिसरीन जास्त झाले तर रंग दमट हवेत वाळत नाही. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो.

चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पाहताना हे सगळे आठवावे. दिवा हातात घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडवा धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. जलरंगात इतका अंधार रंगवायचा म्हणजे थरावर थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवला की खालचा रंग उचकटतो आणि फुलकोबीसारखे डाग पडतात.

असे चित्र उजेडात किती टिकेल, हा प्रश्न इंग्लंडमध्ये 1888 च्या रसेल-ॲबनी अहवालाने ऐरणीवर आणला. कारमाइन, क्रिमसन लेक यांसारखे लाडके तांबडे रंग उजेडात उडतात, हे प्रयोगांनी दिसले. जुन्या निसर्गचित्रांत नीळ आणि तांबडी माती मिसळून ढगांचा करडा करत. नीळ उडाली, माती राहिली, आणि ते ढग आज तांबूस दिसतात. अलिझरीन क्रिमसनही कच्चाच, म्हणून ट्यूबवर बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा: पीआर 83 (अलिझरीन क्रिमसन) असेल तर घेऊ नये, त्याऐवजी पीव्ही 19 घ्यावी.