‘बोर्ड गेलंय’ म्हणण्याआधी

ओव्हनचा डिस्प्ले चालू आहे, आतला दिवा लागतो, पंखाही फिरतो. पण तास उलटला तरी केक मधोमध कच्चाच. दुरुस्तीवाला मागचं झाकण उघडतो, एक नजर टाकतो आणि निकाल देतो, "बोर्ड गेलंय, बदलावं लागेल." नव्या बोर्डाचा भाव ऐकून मग अनेकजण ओव्हनच नवा घेतात. खरं तर बोर्ड, म्हणजे ओव्हनचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी, स्वतः काहीच तापवत नाही. ते सेन्सरकडून तापमान विचारून घेतं आणि त्यानुसार रिले, म्हणजे तापवणाऱ्या रॉडची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चालू-बंद करतं. त्यामुळे सगळी चूक त्याच्याच माथी मारण्याआधी, त्याला माहिती देणारे आणि त्याचा हुकूम पाळणारे दोघेही तपासायला हवेत.

ओव्हनचा प्लग काढून मल्टीमीटर ओहमवर लावायचा. आधी रॉड. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॉटच्या रॉडचा रोध साधारण 26 ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर रॉड तुटलाय, बोर्ड निर्दोष. थर्मल कटआउट, म्हणजे ओव्हन अति तापला की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, तर मीटरच्या नुसत्या ‘बीप’वर कळतो.

सेन्सर मात्र बारकाईने बघण्यासारखा आहे. अनेक बिल्ट-इन ओव्हनमध्ये तो प्लॅटिनमचा असतो. तापमानाबरोबर या धातूचा रोध फार शिस्तीत वाढतो, म्हणून त्याचा तापमापक करावा असं विल्यम सीमेन्स यांनी 1871 मध्येच सुचवलं होतं. पीटी-1000 जातीचा सेन्सर 0 अंशाला 1000 ओहम, 25 अंशांना सुमारे 1097 आणि 200 अंशांना सुमारे 1759 ओहम दाखवतो. म्हणजे दर अंशाला पावणेचार ओहमच्या आसपास. आता समजा, कनेक्टर गंजला आणि वाटेत 40 ओहमची भर पडली. बोर्डाला वाटतं ओव्हन दहा-अकरा अंशांनी जास्त गरम आहे, आणि ते रॉड लवकर बंद करतं. वायर पूर्ण तुटली तर रोध अनंत होतो. मग बोर्ड एरर कोड दाखवून तापवायलाच नकार देतं. कोड फक्त बोर्डाला काय ‘दिसलं’ ते सांगतो. नेमकं काय बिघडलंय ते त्यावरून कळेलच असं नाही.

हे सगळं ठीक निघालं, तरच बोर्डाकडे वळायचं. तिथेही प्रोसेसर क्वचितच जातो. आधी कान द्यायचा. स्टार्ट दाबल्यावर रिलेचा ‘टक’ आवाज येतो आणि रॉड, कटआउट चांगले असूनही ओव्हन तापत नाही, तर रिलेचे संपर्क, म्हणजे आत एकमेकांना टेकणारी धातूची टोकं, जळालेत. उलट संपर्क चिकटून बसले तर बंद केलेला ओव्हनही तापत राहतो. असा ओव्हन ताबडतोब प्लग काढून बाजूला ठेवावा.

‘टक’ आलाच नाही, तर संशय बोर्डाच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यावर. स्वस्त बोर्डांवर ट्रान्सफॉर्मरऐवजी एक चौकोनी फिल्म कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) असतो. अंगावर ‘एक्स-2’ असं छापलेलं. 0.47 मायक्रोफॅरडचा असेल तर आपल्याकडच्या 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर तो सुमारे 34 मिलिअँपिअर प्रवाह देतो. विजेचा झटका आला की त्याच्या आतल्या धातूच्या थराचा एखादा ठिपका वाफ होऊन उडतो. शॉर्ट टळतो, पण धारकता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, कणाकणाने घटते. ती 0.2 वर आली की हाती राहतात जेमतेम 15 मिलिअँपिअर. डिस्प्ले आणि प्रोसेसर तेवढ्यात भागवतात, पण 24 व्होल्टच्या रिलेच्या कॉइललाच, म्हणजे स्विच ओढणाऱ्या वेटोळ्यालाच, सतराएक लागतात. म्हणून स्टार्ट दाबताच डिस्प्ले मंदावतो आणि रिले ओढतच नाही. काही रुपयांचा हा सुटा भाग. त्यापायी अख्खं बोर्ड भंगारात जातं, हे मला तरी पटत नाही.

मात्र अशा बोर्डावर 24 व्होल्टची बाजूही मेन्सपासून, म्हणजे घरच्या विजेपासून, वेगळी केलेली नसते. ‘कमीच व्होल्ट आहेत’ म्हणून चालू बोर्डाला हात लावला, तर थेट 230 व्होल्टचा झटका बसू शकतो. आणि ओव्हन मायक्रोवेव्ह असेल तर घरी उघडूच नये. त्यातला मोठा कपॅसिटर 2000 व्होल्टच्या पुढे चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज टिकून राहू शकतो.

बाकी दोष भिंगातून दिसतात. रिलेच्या जाड पायांभोवती सोल्डरला पडलेली बारीक गोल चीर, तापण्या-निवण्याने आलेली. ओव्हन थंड असताना चालतो आणि तापल्यावर बंद पडतो, तो बहुधा हिच्यामुळे. नाहीतर ऊब शोधत शिरलेल्या झुरळांची घाण. पावसाळ्यात ती ओलावते आणि बटण न दाबताही दाबल्यासारखं होतं. ती साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो.

एवढं करूनही बोर्ड बदलावंच लागलं तर मॉडेल नंबर तंतोतंत जुळवावा. काही ओव्हनमध्ये 500 ओहमचा सेन्सर असतो. त्याला 1000 ओहमवालं बोर्ड जोडलं, तर नव्याकोऱ्या बोर्डाला तुमचं स्वयंपाकघर शून्याखाली शंभराहून जास्त अंशांवर गोठलेलं दिसेल, आणि ते पुन्हा एरर कोडच दाखवेल.